तळ्यातला गाळ काढायच्या आधी त्यातले डायटम तपासायचे आहेत, कुणाला अनुभव आहे का?

तळ्याकाठी

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक झालंय पण प्लीज पूर्ण वाचा कारण वेळ फार कमी आहे. आमचं तालुक्याचं गाव, देशावरचं. गावाला लागून जुनं तळं आहे, वीसेक एकराचं असेल. मी त्यातच पोहायला शिकलो, पाठीला डबा बांधून, आणि घाटाच्या तिसऱ्या पायरीवर उभं राहिलं की स्वतःच्या पायाची नखं दिसायची एवढं नितळ पाणी होतं. आता मार्च उजाडला की पाण्यावर पोपटी रंग ओतल्यासारखा तवंग येतो, एप्रिल-मेमध्ये एखाद्या सकाळी मासे उलटे होऊन काठाला लागतात आणि शाळेच्या खिडक्या बंद ठेवून शिकवावं लागतं (मी तिथल्याच हायस्कूलला विज्ञान शिकवतो).

आता नगरपालिकेनं गाळ काढायचं ठरवलंय. टेंडर झालं, महिन्याभरात पोकलेन लागणार. चांगलंच आहे, पण परवाच्या बैठकीत जे झालं त्यानं झोप उडालीये माझी. एक जण म्हणाला नवीन कॉलन्यांचं सांडपाणी नाल्यातून येतं म्हणून हे झालं, दुसरा म्हणाला छे, उसाचं खत वाहून येतं, तिसरा म्हणाला मूर्तींमुळे, आणि एक वयस्कर गृहस्थ शांतपणे म्हणाले की तळं म्हटलं की शेवाळ येणारच, आधीपासून असंच आहे. आणि कुणाकडेच जुना पाणी तपासणीचा एक कागद नाही! म्हणजे तळं आधी कसं होतं हेच सिद्ध करता येत नाही तर बिघडलं कशानं हे कसं सांगणार?

कुठंतरी वाचलं होतं की गाळात डायटम नावाच्या शेवाळाचे सांगाडे राहतात आणि त्यावरून जुनं पाणी कसं होतं ते कळतं. हे खरंच होतं का? आमच्यासारख्या छोट्या तळ्यात होईल का? शाळेत एक मायक्रोस्कोप आहे, बाकी काही नाही.

करंडक

होतं, आणि तुम्ही अगदी योग्य वेळी विचारलंत, कारण पोकलेन एकदा आत उतरलं की गाळाची ही वही कायमची गेली. मी डायटमवरच काम करते त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

डायटम म्हणजे एकपेशीय शैवाल, बहुतेकांचा आकार मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागापासून ते साधारण पाव मिलिमीटरपर्यंत. याच्या पेशीभोवतीचं कवच सिलिकाचं असतं, म्हणजे काचेच्याच जातकुळीचं, आणि दोन भागांत असतं, डबी आणि तिच्यावर बसणारं झाकण. कुंकवाच्या करंड्यासारखं, म्हणून मराठीत यांना करंडक पण म्हणतात आणि म्हणून माझा आयडी. या काचेवर भोकं, रेघा, बरगड्या यांची नक्षी असते आणि प्रत्येक जातीची नक्षी वेगळी. पेशी मरते, आतलं सगळं कुजून जातं, पण करंडा तळाला जाऊन गाळात बसतो आणि त्याच्यावर पुढच्या वर्षीचा गाळ येतो. शंभर वर्षांनी उघडलं तरी नक्षी वाचता येते.

आता खरी गंमत अशी की प्रत्येक जातीची पाण्याची आवड ठरलेली असते. काहींना आम्ल पाणी लागतं, काहींना खारट, काहींना फॉस्फरस कमी असलेलं स्वच्छ. उदाहरणार्थ अक्नॅन्थिडियम मिनुटिसिमम नावाची एक बारीकशी जात भरपूर ऑक्सिजन असलेल्या चांगल्या पाण्यात पुष्कळ सापडते, तर निट्शिया पॅलिआ सांडपाण्यातसुद्धा मजेत राहते. त्यामुळे गाळाच्या खालच्या थरात कोण होतं आणि वरच्या थरात कोण आहे हे मोजलं की मधल्या काळात पाणी कुठून कुठं गेलं ते कळतं. पाण्याचा नमुना तुम्हाला फक्त त्या दिवसाचं सांगतो, काल पाऊस पडला असेल तर आकडा वेगळा, नाला सोडला असेल तर वेगळा. गाळ पूर्ण वर्षाची, दशकाची सरासरी सांगतो.

सगळे थर तपासायला वेळ नसेल तर एक सोपी रीत आहे, गाळात उभी नळी खुपसून काढायची आणि तिच्यातला सगळ्यात वरचा सेंटिमीटर आणि सगळ्यात खालचा सेंटिमीटर, एवढेच दोन नमुने. आत्ताचं तळं आणि तेव्हाचं तळं. अमेरिकेत २००७ साली देशभरातल्या हजाराहून जास्त तलावांची पाहणी झाली त्यात ही वर-खालची पद्धत वापरली होती. पण तुमच्या बैठकीतला प्रश्न "कशामुळे" असा आहे, त्यासाठी मधले थर लागतीलच, कारण बदल *कधी* सुरू झाला ते मधल्या थरांतच आहे.

आपल्याकडेही हे झालंय बरं का. साताऱ्याजवळ कास पठारावरच्या हंगामी तळ्याचा गाळ पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या लोकांनी तिरुवनंतपुरमच्या पृथ्वी विज्ञान केंद्राबरोबर तपासला, त्यातल्या परागकणांवरून आणि डायटमवरून सुमारे ८००० वर्षांचा पावसाचा इतिहास काढला, आणि गेल्या हजारेक वर्षांच्या थरांत प्रदूषण सोसणारे डायटम वाढलेले दिसले, माणसांचा आणि गुरांचा वावर वाढल्याचं ते लक्षण.

एक मात्र लक्षात ठेवा, तुमच्या तळ्यावरचा पोपटी तवंग हा डायटमचा नाही, तो बहुतेक नील-हरित शैवालाचा असणार. त्याला काचेचं कवच नसतं त्यामुळे तो गाळात असा वाचता येत नाही. पण तो ज्या फॉस्फरसवर माजतो त्या फॉस्फरसची नोंद डायटमनं ठेवलेली असते.

ग्लासगोकर

तळ्याकाठी सर, तुमच्या बैठकीचं वर्णन वाचून मला इथलीच गोष्ट आठवली, अगदी हाच वाद, फक्त तळं वेगळं. मी स्कॉटलंडमध्ये राहतो, इथून दक्षिणेला गॅलोवेच्या डोंगरात राउंड लॉख ऑफ ग्लेनहेड म्हणून एक तळं आहे, मी दोनदा चालत गेलोय. ग्रॅनाइटचे उघडे खडक, गवत, पाऊस, वर मेंढरं, आजूबाजूला ना कारखाना ना गाव. आणि तरी त्या भागातल्या तळ्यांमधले ट्राउट मासे संपत चालले होते कारण पाणी आम्ल झालं होतं.

१९७०-८०च्या दशकात जोरदार भांडण होतं की हे कशामुळे. एक बाजू म्हणायची कोळशावरच्या वीज केंद्रांच्या धुरातलं गंधक पावसातून येतंय. दुसरी बाजू म्हणायची नाही, सरकारनं डोंगरावर पाइन-स्प्रूसची जंगलं लावली त्यामुळे माती आम्ल झाली, किंवा मेंढ्यांची चराई बदलली त्यामुळे, किंवा ही तळी हजारो वर्षांपासून हळूहळू आम्ल होतच आलीत. जुन्या मोजमापाचा कागद इथंही नव्हता!

मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या रॉजर फ्लॉवर आणि रिक बॅटरबी यांनी गाळाच्या नळ्या काढल्या, १९८३ साली 'नेचर'मध्ये आलं ते काम. डायटमवरून निघालं की या तळ्याचा पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, जितका कमी तितकं पाणी जास्त आम्ल) आधी साडेपाचच्या आसपास होता आणि साधारण १८५० नंतर घसरत घसरत ४.७ च्या जवळ आला. ऐकायला पाऊण अंकच वाटतो पण पीएचची मोजपट्टी दहाच्या पटीची असते म्हणून आम्लता सहा पटींच्या आसपास वाढली. आणि खरी मेख इथंच आहे, की या तळ्याच्या पाणलोटात लावलेलं जंगल *नव्हतंच*, आणि घसरण सुरू झाली ती त्या भागात जंगलं लागायच्या कितीतरी आधी. शिवाय त्याच गाळात कोळसा-तेल जळाल्यावर उडणाऱ्या काजळीचे बारीक गोल कण सापडले, ते कुठल्याही मेंढीतून किंवा झाडातून येत नाहीत. बाकीची कारणं हळूहळू आपोआप गळून पडली.

म्हणून सांगतो, कुणी केलं याच्यावर भांडत बसण्यापेक्षा कधी झालं ते आधी काढा. पहिली कॉलनी कोणत्या साली झाली, कालवा कधी आला, ऊस कधी वाढला, ही सालं तर गावाकडे आहेत ना.

तळ्याकाठी

बापरे, इतकं छान समजावल्याबद्दल दोघांचेही मनापासून आभार. सालं आहेत, हो. कालव्याचं पाणी १९८०च्या सुमारास आलं आणि तेव्हापासून ऊस. नाल्यावरच्या कॉलन्या २००० नंतरच्या. म्हणजे दोघांमध्ये वीस वर्षांचं अंतर आहे. पण गाळाचा कुठला थर कुठल्या सालचा हे कसं ओळखायचं?

निवृत्त_शाखा_अभियंता

पाटबंधाऱ्यात ३१ वर्षं काढली, त्यातली बरीच लहान तलावांवर, म्हणून दोन शब्द. कल्पना चांगली आहे, पण परदेशातल्या डोंगरावरच्या तळ्यात गाळाला कुणी हात लावलेला नसतो, आपल्याकडे तसं नाही. आपला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात तळ्यातला गाळ बैलगाडीनं रानात नेत आलाय, वीटभट्टीवाले नेतात, आणि २०१७ पासून गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार योजना आहे, तिच्यात तर ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. मी त्याच्या विरोधात अजिबात नाही, हलक्या रानाला तो गाळ म्हणजे सोनं आहे आणि तलावाची साठवण परत मिळते. पण तुम्ही नळी जिथं खुपसाल तिथला वीस वर्षांचा थर आधीच कुणाच्या तरी वावरात पसरलेला असू शकतो, आणि मग तुम्ही खालचा थर वरच्याला चिकटलेला बघून भलताच निष्कर्ष काढाल.

दुसरं, १९७२. त्या दुष्काळात तळं कोरडं पडलं होतं का ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. कोरडं पडलं असेल तर गाळाला भेगा पडतात, वरचं खाली जातं. आणि दुष्काळी कामात गाळ काढला असेल तर त्याच्या वरचं सगळं ७२ नंतरचं हे नक्की, म्हणजे ती एक तारीखच मिळाली.

करंडक

काका, तुम्ही लिहिलंत ते सोन्यासारखं आहे, आम्ही लॅबमधले लोक नेमकं हेच विचारायला विसरतो. वाळलेला थर नळीत वेगळा दिसतो, घट्ट, फिकट, कधी मुळांचे तंतू असलेला, त्यामुळे ७२ ची खूण सापडू शकते.

तारखेचं म्हणाल तर मुख्य पद्धत शिसे-२१० ची, म्हणजे शिशाच्या एका किरणोत्सारी प्रकाराची. जमिनीतून रेडॉन वायू हवेत जातो, त्याचं पुढे शिसे-२१० होतं आणि ते पावसाबरोबर तळ्यात पडून गाळात बसतं. त्याचा अर्धायुकाल सुमारे २२ वर्षं, म्हणजे दर २२ वर्षांनी निम्मं होत जातं, त्यामुळे खाली खाली जावं तसं किती कमी झालं ते मोजून गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांपर्यंतची सालं काढता येतात. जोडीला सीझियम-१३७ बघतात, ते हवेतल्या अणुचाचण्यांमधून आलं आणि १९६३ च्या आसपास सगळ्यात जास्त पडलं, तो थर पक्का खिळा म्हणून वापरतात. हे मोजणं शाळेत होणार नाही. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी किंवा एखाद्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागामार्फत करून घ्यावं लागेल. पण ते नंतर झालं तरी चालतं. आत्ता महिन्याभरात फक्त नळी काढून ठेवणं महत्त्वाचं आहे, तपासणी दोन वर्षांनी केली तरी करंडे कुठं जात नाहीत.

नळी अशी काढा: तीन इंची पीव्हीसी पाइप, पारदर्शक ॲक्रिलिकची मिळाली तर उत्तम, दोन मीटर लांब, खालची कड कानसीनं धारदार करा. तळ्याचा सगळ्यात खोल भाग निवडा, काठावर लाटांनी आणि म्हशींनी गाळ ढवळलेला असतो. पाइप *सरळ उभा* आणि हळूहळू दाबा, घाई केली की वरचा मऊ थर फुंकरीसारखा उडून जातो आणि तोच तर आजचा थर. दाबून झालं की वरचं तोंड रबरी बुचानं गच्च बंद करा मग ओढा, हवेच्या ओढीनं गाळ आत धरून राहतो, आणि पाइप पाण्याबाहेर यायच्या आत खालून दुसरं बूच. नंतर आडवी करायची नाही. बाहेरून किती खोल गेली आणि आत किती गाळ आला दोन्ही मोजून लिहा कारण गाळ दबतो. मग खालून लाकडी दट्ट्यानं वर ढकलत एक-एक सेंटिमीटरच्या चकत्या कापायच्या, प्रत्येक चकतीला वेगळी पिशवी, चकतीची बाहेरची कड टाकून द्यायची कारण ती पाइपला घासून खालीवर झालेली असते. फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. शक्य असेल तर दोन नळ्या काढा आणि एक न कापता उभी ठेवा.

आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कुणीही आत जाऊ नका, मुलांना तर होडीत घेऊच नका.

शेवाळवेडी

मध्येच विचारते, लोणारला हे करता येईल का? ते तर केवढं जुनं तळं.

करंडक

लोणारच्या गाळाचा अभ्यास झालेला आहे आणि त्यातल्या क्षारांच्या खड्यांवरून जुने कोरडे काळ ओळखलेत. पण डायटमसाठी ते अवघड गिऱ्हाईक आहे. तिथलं पाणी इतकं अल्कधर्मी आहे, पीएच दहाच्या आसपास, की सिलिकाचं कवचच विरघळायला लागतं. करंडे दिसले नाहीत याचा अर्थ डायटम नव्हते असा काढता येत नाही. गोड्या पाण्याच्या तळ्यात ही अडचण सहसा येत नाही.

आणि तळ्याकाठी सर, अजून एक, गाळ गेला असेल तरी दोन वाटा आहेत. जवळच्या जुन्या कॉलेजच्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) तुमच्या तळ्यातली पाणवनस्पती कुणी पन्नास-साठ वर्षांपूर्वी दाबून ठेवली असेल तर तिच्या देठाला चिकटलेले डायटम आजही निघतात. आणि दुसरी वाट म्हणजे जुन्या याद्या. एच. पी. गांधी म्हणून फार मोठे डायटम अभ्यासक होऊन गेले, त्यांनी १९५०च्या दशकात कोल्हापूर, राधानगरी, पन्हाळगड इथल्या डायटमवर लिहून ठेवलंय, चित्रांसकट. त्या भागातलं कुणी आज काम करणार असेल तर सत्तर वर्षांपूर्वी कोण कोण होतं याची हजेरीच तयार आहे. मला दरवेळी तो माणूस मोठा वाटतो.

हे मुद्दाम सांगते कारण आपल्याकडे एक चूक सर्रास होते. युरोपची पुस्तकं समोर ठेवून आपल्या डायटमना तिकडची नावं चिकटवली जातात, आणि मग तिकडच्याच तक्त्यातून "पाणी चांगलं, पाणी वाईट" असा आकडा काढतात. सह्याद्रीत अशा जाती आहेत ज्या तिकडे नाहीतच. म्हणून आकड्याच्या मागे लागू नका, तुमच्याच तळ्याचा खालचा थर आणि वरचा थर यांची तुलना करा, ती जास्त भरवशाची.

तळ्याकाठी

मंडळी, अपडेट देतो. वडिलांना ७२ चं विचारलं. ते म्हणाले कोरडं ठणठणीत पडलं होतं, आणि ते स्वतः १७ वर्षांचे असताना त्याच तळ्यात कामाला होते, सुकडी खाऊन गाळाच्या पाट्या उचलल्या. पण खोदाई सगळी उत्तरेच्या बाजूला झाली, दक्षिणेला देवळापाशी डोह आहे तिथं चिखल ओला राहिला होता म्हणून कुणी उतरलं नाही. म्हणून काल आम्ही देवळाच्या बाजूनंच गेलो, मासेमारी करणाऱ्या दादांची होडी, मी, ते आणि माझा एक माजी विद्यार्थी जो आता प्लंबर आहे, पाइप आणि बूच त्यानंच जुळवलं.

पहिली नळी फसली, अर्ध्यात बूच निसटलं. दुसरी आणि तिसरी आली. काका, करंडक ताई, काय सांगू, वरचे २० सेंमी काळेकुट्ट लोण्यासारखं, कुजक्या अंड्याचा वास, त्यात गुटख्याच्या पुडीचा एक तुकडा. मग हळूहळू तपकिरी. आणि ४१ सेंमीवर एक फिकट घट्ट थर, बोटभर, त्यात गवताच्या मुळांचे दोरे. वडिलांना नळी दाखवली, ते तिथं बोट ठेवून बराच वेळ बघत राहिले. त्याच्या खाली २३ सेंमी करडा गाळ, अजिबात वास नाही.

एक नळी कापली, ६४ पिशव्या, सगळ्यांवर नंबर घातलेत. दुसरी बूच लावून डेअरीच्या फ्रीजमध्ये उभी आहे. आता पुढं? शाळेत हायड्रोजन पेरॉक्साइड आहे.

करंडक

४१ वर घट्ट थर!! सर तुम्हाला कल्पना नाही तुमच्या हातात काय आहे. शिसे-२१० नं खात्री करावीच लागेल, पण तो ७२ चाच निघाला तर ऊस आणि कॉलन्या या दोन्हीच्या आधीचं तळं आणि नंतरचं तळं तुमच्याकडे वेगवेगळं आहे.

आधी पिशवी नंबर १, २०, ४० आणि ६४ घ्या. चिमूटभर गाळ, चणाडाळीएवढा, काचेच्या बीकरमध्ये, त्यावर पेरॉक्साइड थोडं थोडं. ३० टक्क्यांचं असेल तर हातमोजे आणि चष्मा सक्तीचा, कातडीवर पडलं की पांढरा डाग पडून आग होते, मुलांना हात लावू देऊ नका. फसफसून झालं की मंद गरम करा, काळा गाळ पांढुरका होईपर्यंत, म्हणजे सेंद्रिय सगळं जळालं आणि काच उरली. मग डिस्टिल्ड पाणी भरून रात्रभर ठेवायचं, सकाळी वरचं पाणी अलगद ओतायचं, असं पाच-सहा वेळा. शेवटच्या पाण्याचा एक थेंब कव्हरस्लिपवर वाळवा. पक्क्या स्लाइडसाठी नॅफ्रॅक्स नावाचं माध्यम लागतं कारण साध्या डिंकात हे काचेचं कवच नीट दिसत नाही, पण आत्ता नुसतं कोरडंच बघितलं तरी ४०० पटीत मोठे डायटम दिसतील. नीट ओळख आणि प्रत्येक स्लाइडवर ३००-४०० कवचं मोजणं हे १००० पटीत, तेल लावून, ते आमच्याकडे करू, मी मेसेजमध्ये पत्ता पाठवते.

निवृत्त_शाखा_अभियंता

अभिनंदन सर. एक काम आजच करा. ठेकेदाराला आणि नगरपालिकेला लेखी द्या की खोदाई करताना ४१ सेंमीच्या खालचा करडा थर सगळीकडून काढू नये, देवळाकडचा निदान एक गुंठाभर कोपरा तसाच सोडावा. पत्राची पोच घ्या. आधी तोंडी सांगितलं होतं वगैरेला काही अर्थ राहत नाही.

तळ्याकाठी

पत्र दिलं, पोच घेतली. कोपरा सोडू म्हणालेत, लेखी उत्तर यायचंय, सोमवारी पोकलेन येतंय तेव्हा मी सकाळी सातला तिथं जाऊन उभा राहणार आहे.

आणि ६४ नंबरची स्लाइड आत्ता बघितली. आधी नुसती धूळ दिसत होती, मग स्क्रू हळूहळू फिरवताना एकदम एक होडी समोर आली, स्वच्छ, मधून एक रेघ आणि दोन्ही बाजूंना कंगव्याच्या दातांसारख्या बारीक रेघा. नववीची पोरं रांगेत उभी आहेत, एकेकाला अर्धा मिनिट दिलाय. फोटो मोबाइलनं आयपीसला लावून काढलाय, जरा हलला आहे, ताई बघून सांगा ही कोण.

करंडक

पिन्युलेरिया वाटतेय. मधली रेघ म्हणजे रॅफी, तिच्या जोरावर ती सरकते. १ नंबरची स्लाइड पण आजच करा आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी टाका.